छत्रीची घडी

"सर, जरा बाजूला व्हा," चंपतराव म्हणाला, आणि मारोती दुर्गे बाजूला झाला. झालं ते एवढंच. चंपतराव शाळेचा शिपाई. त्याच्या दोन्ही हातांत पूजेचं ताट, ताटात कापूर पेटलेला, मागून पोरांची रेटारेटी. अशा वेळी माणूस सख्ख्या भावालाही बाजूला हो म्हणतो. मनाला लावून घ्यावं असं त्यात काही नव्हतं. पण चंपतरावाचं वाक्य पुरं व्हायच्या आत मारोतीचे पाय निघाले होते, आणि थांबले तेव्हा तो टेबलाच्या पार पलीकडे, पाण्याच्या माठापाशी, हात मागं बांधून उभा होता. ताटाला जायला हातभर जागा पुरली असती. इतकं लांब व्हायला त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. लाज वाटली ती सांगणाऱ्याची नाही, स्वतःच्या पायांची वाटली. बी.एस्सी., बी.एड. झालेले, सरकारी पगारावरचे, सकाळीच पॉलिश केलेल्या बुटांतले पाय, आणि कोणी हाड म्हटल्यासारखे निघाले. आता परत टेबलाजवळ जावं तर तेही दिसलं असतं. म्हणून तो माठातलं पाणी प्यायला, तहान नसताना.

टेबलावर रॉकेट उभं होतं. हातभर उंचीचं, पांढऱ्या पुठ्ठ्याच्या नळीचं, खाली लाल पंख, वर प्लास्टिकचं टोक. आदिलाबादच्या त्या मराठी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तेच ते असायचं, लिंबावर पेटणारा दिवा आणि मातीचा ज्वालामुखी. यंदा खरोखर उडणारं रॉकेट होतं आणि ते दुर्गे सरांनी बांधलं होतं. म्हणजे दुर्गे सरांनी आणि भागीरथानं, पण बायकोचं नाव पाटीवर लिहायची शाळेत रीत नव्हती. भागीरथाचा भाऊ जहाजावर रेडिओ ऑफिसर. त्यानं कुठल्याशा बंदरातून हा खोका आणून दिला होता, आणि खोक्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की हे नवशिक्यांसाठी आहे. "तुमच्यासाठीच हाये म्हना," भागीरथा म्हणाली होती. ती टेलिफोन ऑफिसात. दिवसभर लोकांची बोलणी जोडायची आणि घरी आली की नवऱ्याची तोडायची. लेक नांदेडला शिकायला गेल्यापासून घरात दोघंच. संध्याकाळी जेवणं उरकली की ताटं सारून ते तिथंच खोका उघडून बसत. तो इंग्रजी वाचून सांगे आणि ती करी. पंख त्यानं पॉलिश पेपरनं घासले, डिंक वाळेपर्यंत बोटांनी धरून ठेवले, कारण एक जरी तिरका बसला तर रॉकेट भिंगरीसारखं फिरलं असतं. रॉकेटला अलगद खाली उतरवणारी छत्री मात्र तिची. पातळ नारंगी प्लास्टिक तिनं गोल कापलं, कडेला दोरे बांधले, आणि घडी घालायला शिकली: अर्ध्यात, पुन्हा अर्ध्यात, मग विडीसारखी गुंडाळी, वरून दोऱ्यांचे सैल वेढे. प्लास्टिक चिकटू नये म्हणून चेहऱ्याची पावडर चोळायची. खाली न जळणारा कागद कोंबायचा. नळीतली फटाक्याची दारू जळून संपली की आतल्या आत एक छोटा बार वरच्या बाजूला उडतो, त्यानं टोक निघतं आणि छत्री बाहेर पडते. "आन टोक नाई निघालं त?" तिनं विचारलं होतं. "तर दगड," तो म्हणाला होता. मग ते टोक किती सैल बसलंय हे बघायला तिनं नळीत खालून तोंडानं जोरात फुंकलं आणि टोक उडून भिंतीवरच्या कॅलेंडरला लागलं. दोघं किती हसली होती. या वयात, दार उघडं टाकून, शेजारच्या गयाबाईंनी डोकावून बघेपर्यंत.

हेडमास्तर केशवरावांनी सकाळी स्टाफरूममध्येच विषय काढला होता. "दुर्गे सर, नवी वस्तू हाये. नारळ फोडून, हळदकुंकू लावून मंगच उडवू. तुमाले काई अडचन नाई ना?" यात अडचण विचारली होती, हे खरं. दुसऱ्या कोणाला विचारली नसती, हेही खरं. आणि मारोती, जो दर वर्षी नववीच्या वर्गात लिंबू-मिरचीवर अर्धा तास बोलतो, तो म्हणाला होता, "छे छे सर, अडचण कशाची? आनंदच आहे." आनंद हा शब्द कुठून आला, देव जाणे. म्हणजे देवही जाणत नसणार, कारण तो देव मानत नाही. केशवरावांनी खूश होऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, "नावच मारोती, उडवनार नाई त काय करन!" सगळे हसले, तोही हसला. हे नाव बापानं दीक्षेच्या आधी ठेवलेलं. नंतर बदलायचं राहून गेलं आणि मॅट्रिकच्या सर्टिफिकेटावर कायमचं चिकटलं.

आता माठापाशी उभं राहून तो बघत होता. चंपतरावानं टोकाला कुंकू लावलं, पंखांना हळदीची बोटं ओढली. इथवर ठीक होतं. मग त्यानं ताटातून पूजेचा लाल नाडा काढला. कलशावर नारळ ठेवला की तो डुगडुगू नये म्हणून नाडा खालून घेऊन नारळावरून आडवा-उभा नेतात आणि गळ्याशी वेढे देऊन गाठ मारतात. चंपतरावाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हे काम असणार, हात सरावलेला होता. रॉकेटची नळी त्याला कलश दिसली आणि टोक नारळ. पंखांच्या खालून नाडा वर आला, टोकावरून गेला, पुन्हा खाली उतरला, आडवा फिरला. गळ्याशी, जिथं टोक नळीत बसतं नेमकं तिथं, वेढे पडले आणि करकचून गाठ बसली. सुंदर बांधलं होतं. कोणीही वाहवा म्हणावी असं. टोक आता सात जन्मांत निघणार नव्हतं.

"चंपतराव, नाडा काढा, टोक निघायला पाहिजे." एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. त्यानं ते मनात म्हणून बघितलं, बरोबर जमलं. मग जरा सौम्य करून बघितलं, "नाडा जरा खाली सरकवा." मग कारण आधी, "आतून छत्री निघते म्हणून." वाक्यं पाठ होत होती आणि तोंड बंद होतं. ज्या वस्तूचा प्रत्येक सांधा त्याच्या बोटांनी चिकटवला होता, तिच्यावर आता कुंकू होतं, आणि कुंकवासरशी ती त्याची राहिली नव्हती. तिच्यावरचा नाडा त्यानं तोडायचा? म्हणतील, पूजा चालत नाही यायले. नाही तोडला तर आपलीच माणसं म्हणतील, दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा कुठं ठेवल्या गुरुजी. पण हे सगळे विचार मागाहून रचलेले होते आणि त्याला ते ठाऊक होतं. खरं कारण त्याहून लहान होतं. हात पुढं होत नव्हता. या शाळेत असं काही नाही, हे तो शपथेवर सांगू शकला असता. सगळे त्याच पेल्यांतून चहा पितात. चौदा एप्रिलला चंपतराव त्याच्या घरी पंगतीला बसून दोनदा भाजी मागून घेतो. बाहेर कुठंच भिंत दिसत नव्हती. म्हणजे मग ती आत असली पाहिजे, आणि आतली भिंत आपण इतकी वर्षं पोसली, सरकारी पगारावर, याची त्याला शरम वाटत होती.

बापाचं खळं आठवलं. रामाजी दुर्गे मुधोळकडच्या एका खेड्यात दुसऱ्याच्या शेतावर राबायचा. ज्वारीची मळणी, उपणणी सगळी त्याच्या अंगावर. दिवसभर वाऱ्याकडं तोंड करून सूप धरायचं, नाकाडोळ्यांत भुसा जायचा, आणि संध्याकाळपर्यंत मोत्यासारखी रास उभी राहायची. मग मालकीणबाई ताट घेऊन यायची. ती बांधावर दिसली की रामाजी सूप ठेवायचा, अंगावरचा भुसा झटकायचा आणि आपणहून बाभळीखाली जाऊन उभा राहायचा. त्याला कोणी बाजूला हो म्हणत नसे, कोणी जा म्हणत नसे. रास त्यानंच केलेली, पण पूजेपुरती ती दुरून बघायची वस्तू. लहान मारोती त्याच्या धोतराला धरून उभा असायचा आणि संतापानं त्याचे कान तापायचे. बाप नागपूरहून दीक्षा घेऊन आला, त्यानं घरातले देव गाठोड्यात बांधून गोदावरीत सोडले, पण पुढच्या मळणीला ताट आलं तेव्हा तो पुन्हा बाभळीखाली गेलाच. मारोतीनं त्या दिवशी मनात म्हटलं होतं, मी नाही जाणार. मोठा झालो की मी राशीपाशी उभा राहीन. तो मोठा झाला होता, पन्नाशीला टेकला होता. बापाला निदान पोट होतं बांधलेलं. याला काय होतं? पेन्शन?

चंपतरावानं रॉकेट देवासारखं दोन्ही हातांवर घेऊन मैदानात नेलं आणि सायकलवाल्याकडून आणून जमिनीत रोवलेल्या सळईवर ओवलं. आडव्या बांधलेल्या दोरीच्या मागं पोरं, पोरांच्या मागं बाया. भागीरथा अर्धी रजा टाकून टेलिफोन ऑफिसातल्या मैत्रिणींना घेऊन आली होती आणि लांबून त्यांना हातानं दाखवत होती: असं वर जाईल, मग छत्री अशी उघडेल, माझी छत्री. खालच्या तारा जोडायला मारोतीला वाकावंच लागलं. त्याचं तोंड नाड्यापासून वितीवर होतं. एक टोक धरून ओढलं असतं तरी पुरे होतं, त्याच्या पाठीआड कोणाला दिसलंही नसतं. त्यानं तारा जोडल्या. टोक निघालं नाही तर हे वरून भाल्यासारखं येणार, आणि दोरीच्या मागं चारशे पोरं उभी आहेत, हा विचार त्याच्या डोक्यात स्पष्ट, शाई वाळलेल्या अक्षरांसारखा आला. तो उठला आणि पोरांवर खेकसला, "मागं सरका! अजून मागं!" हेच काय ते त्याच्या हातून झालं. मग दारावरच्या घंटीचं बटन त्यानं बॅटरीला जोडलं होतं, ते दाबलं.

सर्रकन गेलं. इतकं सरळ गेलं, इतकं पांढरं, की क्षणभर त्याला काही म्हणजे काही आठवलं नाही. धुराची रेघ निळ्यात वर वर जात बारीक झाली, थांबली. वर ठिपका वळला. पुक् असा अगदी छोटा आवाज आला. आणि मग काहीच नाही. ठिपका तसाच, बंद, डोकं खाली करून यायला लागला. आधी सावकाश, मग शिट्टी घालत. पोरांच्या डोक्यांवरून गेला आणि कुंपणापलीकडच्या नांगरलेल्या काळ्या रानात धप्पकन रुतला. आणि टाळ्या पडल्या. एवढ्या टाळ्या त्या मैदानात कधी पडल्या नसतील. रॉकेट जातं आणि पडतं, यापलीकडं कोणाला काय ठाऊक होतं?

तो सगळ्यांच्या आधी धावला. ढेकळांत पाय मुरगळत पोचला, पाठ सगळ्यांकडं करून वाकला, आणि आता, इतक्या उशिरा, त्याच्या बोटांना जोर आला. त्यानं नाडा तोडला आणि पॅन्टच्या खिशात कोंबला. रॉकेट उचलून वळला तेव्हा तोंडावर हसू होतं. टोकाला चिखलमाती, नळीला एक सुरकुती, बाकी धड होतं. केशवराव धापा टाकत आले. "वा वा वा! पन सर, तुमी म्हने छत्री उघडनार होती?" त्यांच्या मागं चंपतराव, त्याच्या मागं भागीरथा आणि तिची एक मैत्रीण. अजूनही सगळं सोपं होतं. खिशात नाडा होता, तोंडात पाठ केलेलं वाक्य होतं. मारोती म्हणाला, "छत्रीची घडी मिसेसनं घातली होती. घडी अडकली वाटतं."

केशवराव मोठ्यानं हसले. "हां हां! घरच्या मंत्र्याचं काम!" मैत्रीण हसली. चंपतरावानंही ओशाळं हसून घेतलं. भागीरथाचा वर उचललेला हात, पदर सावरायला निघालेला, तसाच थोडा वेळ राहिला. मग तिनं पदर सावरला. मारोतीनं रॉकेटवरची माती पुसायला घेतली. आपण हे काय बोललो ते त्याला ऐकू येत होतं, दुसऱ्या कोणी बोलल्यासारखं. झाकली मूठ म्हणतात ती अशी झाकायची असते हे त्याला माहीत नव्हतं. त्यात बायकोची बोटं चेंगरली होती.

संध्याकाळी घरी तिनं रॉकेट मांडीवर घेतलं, टोक ओढलं. ते सहज निघालं. छत्रीची गुंडाळी बोटाशी आली, जशी घातली होती तशीच्या तशी, फक्त जळलेल्या दारूचा वास लागलेली. तिनं ती दोन बोटांत धरून झटकली आणि नारंगी प्लास्टिक फुललं, दोरे सुटे, कुठं गुंता नाही. मारोती पेपर वाचत होता. पेपर उलटा नव्हता, एवढं त्यानं पाहून घेतलं होतं. "हे तर बरोबर हाये जी," ती म्हणाली. तो म्हणाला, "मग पावडर कमी पडली असंल." स्वतःला थांबवता येईना, एकदा उताराला लागलेली गाडी. "पावडर चांगली लावली होती मी." "दमट हवा असते ना." तिनं त्याच्याकडं बघितलं. एरवी तिनं अशा उत्तराची चिंधी केली असती, नवशिक्यांसाठी म्हणून टोमणा मारला असता. आज ती त्याची पॅन्ट खुंटीवरून काढून धुण्यात टाकायला घेऊन गेली, आणि परत आली ती पावडरचा डबा घेऊन. "उद्या साहेबाइले दाखवाचं हाये म्हनत होते ना हेडमास्तर? मंग आनखी घालतो घडी." ती रात्रीच्या स्वयंपाकाआधी किती वेळा तरी घडी घालून मोडत होती, आणि तो समोर बसून त्या बोटांकडं बघत होता. सांग, सांग, असं आत चालू होतं. भूक लागली, तो जेवला. भाजी छान झाल्याचंही बोलला.

दुसऱ्या दिवशी समारोपाला शिक्षण खात्याचे साहेब आले. हैदराबादकडचे, नवे बदलून आलेले. मराठी अक्षरही कळत नव्हतं. केशवरावांचं तेलुगू बाजारापुरतं. मारोतीचं तेलुगू शाळेत सगळ्यांत चांगलं, म्हणून सकाळपासून तो साहेबांच्या डाव्या हाताला चालत इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं करत होता. त्याला ते बरं वाटत होतं. दुभाष्याला स्वतःचं काही बोलावं लागत नाही. मैदानात पुन्हा टेबल, पुन्हा ताट, पुन्हा कापूर. "साहेबांच्या हातानं नारळ," केशवराव म्हणाले. या वेळेस मारोती लांब गेला नाही, साहेबांच्या शेजारीच उभा राहिला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत चंपतरावानं नाडा उचलला, पंखांखालून घेतला, वर नेला. आता, मारोती मनात म्हणाला. आता. साहेबांनी त्याला काही तरी विचारलं, त्यानं उत्तर दिलं. नाडा टोकावरून पलीकडं उतरत होता.

"ओ भाऊ, असा आडवा नोका बांधू," भागीरथा म्हणाली. ती बायांतून सरळ टेबलापाशी आली होती, चपला घालूनच. तिनं हात पुढं केला, टोकावरचा नाडा बोटानं उचलून बाजूला सारला. "हे टोक निंगाले पाह्यजे. नाई त छत्री अडकते."

चंपतराव दचकला. "अस्सं हाय का? मंग कालच सांगाचं ना, वहिनी!" त्यानं भराभर वेढे सोडले. "खाली पंखाले बांधतो. चालंल?" "चालंल ना." केशवराव म्हणाले, "अरे हो, खरंच की. बांध बांध, खाली बांध." कोणाच्या कपाळावर आठी पडली नाही. कोणी मागं सरलं नाही, कोणाचा धर्म बुडाला नाही. एका श्वासात झालं आणि पुढं सरकलं. इतकं ते सोपं होतं. मारोतीला वाटलं, निदान कोणी तिला टोकायला हवं होतं, एक शब्द तरी, म्हणजे मला तोंड दाखवायला जागा राहिली असती. हे वाटलं आणि त्याला स्वतःची इतकी किळस आली की त्यानं डोळे मिटून घेतले. पॅन्ट तिनं धुतली होती. काल संध्याकाळीच खिसे उलटे केले असणार, नाडा सापडला असणार. म्हणजे ती इतका वेळ घडी घालत होती ती, आपण सांगतो का याची वाट बघत.

रॉकेट गेलं. वर जाऊन वळलं, पुक् झालं, टोक सुटलं, आणि नारंगी छत्री फुलली. मैदान ओरडलं. वाऱ्यानं छत्री हळूहळू तिरकी जात होती, तिच्याखाली रॉकेट निवांत डोलत होतं. सगळ्यांच्या माना वर होत्या. त्याला काही वर बघवलं नाही. तो साहेबांच्या बुटांकडं बघत होता. "चाला बागुंदि," साहेब म्हणाले. फार छान. मग केशवरावांनी हौसेनं आपल्या मोडक्या तेलुगूत सांगितलं की काल हे उघडलं नव्हतं, आणि साहेबांनी विचारलं, काल का नाही उघडलं? मारोतीनं ते मराठीत सांगायच्या आधीच केशवराव भागीरथाकडं वळले. "काय वहिनी, काल काय झालं होतं मंग? नाड्यानं अडकली होती का?"

चंपतराव तिथंच उभा होता, चेहरा पडलेला. भागीरथानं त्याच्याकडं बघितलं. मग नवऱ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर त्याला आधार वाटला असता.

"नाई जी," ती म्हणाली. "नाड्याचं काई नाई. काल माही घडीच चुकली होती."

साहेब मारोतीकडं बघत थांबले होते. तेलुगूत काहीही सांगता आलं असतं. चूक माझी होती, एवढी तीन शब्दांची गोष्ट होती. त्यानं सांगितलं की काल माझ्या पत्नीकडून छत्रीची घडी चुकली होती. अगदी शुद्ध, व्याकरणात बरोबर.

साहेब हसले. दिलदार माणूस. त्यांनी तिच्याकडं बघून मान हलवली आणि मारोतीला म्हणाले, त्यांना सांगा, काही हरकत नाही, फक्त पुढच्या वेळेस नीट लक्ष देऊन घाला.

तो तिच्याकडं वळला. आजूबाजूला सगळे ऐकत होते. "साहेब म्हणतात," तो म्हणाला, "हरकत नाही. पुढच्या वेळेस नीट घडी घाल."

"हो म्हना त्याइले," भागीरथा म्हणाली. "घालीन म्हना."

आणि तो साहेबांकडं वळून तेही सांगू लागला.